माशांच्या पाण्यावर पालेभाजी

मासा पाण्यांत राहतो, पाण्यांतच खातो आणि मलविसर्जनहि त्याच पाण्यांत करितो. नदींत किंवा तळ्यांत हें खपून जातें, कारण तेथें पाणी पुष्कळ व मासे त्या मानानें थोडे. परंतु तोच मासा घरच्या टांकींत आणून सोडला म्हणजे आठ-दहा दिवसांत पाणी गढूळ होतें, त्याला घाण येऊं लागते, आणि तें बदलण्याचें काम घरांतील कोणाच्या तरी अंगावर पडतें. बहुधा तें आईच्याच अंगावर पडतें, हें वडील मंडळींस सांगावयास नको. हें काढलेलें पाणी मोरींत न ओततां जो कोणी अळवाला किंवा पुदिन्याला घालतो, त्याला थोड्याच दिवसांत दिसून येतें कीं, त्या झाडाचीं पानें इतरांहून अधिक हिरवीं व रुंद झालीं आहेत. माशाला जें विष, तें झाडाला अन्न, असें यावरून कोणीहि म्हणेल.

हें म्हणणें ऐकावयास सोपें आहे. परंतु तें अर्धेंच खरें आहे. माशाच्या शरीरांतून बाहेर पडणारें मुख्य विषारी द्रव्य म्हणजे अमोनिया. तो विष्ठेंतून येतो असा पुष्कळांचा समज असतो; वास्तविक त्याचा बराच मोठा भाग माशाच्या कल्ल्यांतूनच पाण्यांत उतरतो. हा अमोनिया माशाला घातक आहे, आणि एकट्या अमोनियावर झाडहि चांगलें पोसत नाहीं. झाडाला नत्र हवा असतो तो मुख्यतः नायट्रेटच्या रूपांत. तेव्हां अमोनियाचें नायट्रेट करून देणारा एक तिसरा भागीदार या दोघांच्या मध्यें असावा लागतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं, बोलावल्याबरोबर येत नाहीं, आणि तो येऊन स्थिर होईपर्यंत मालकाला हात बांधून बसावें लागतें. हें बसणें ज्याला साधलें त्याची मत्स्यवाटिका चालते. ज्याला साधलें नाहीं त्याचे मासे पहिल्या पंधरवड्यांतच मरतात. वाफ्यांत बी उगवलें नाहीं तर मूठभर बियाण्याचें नुकसान होतें. येथें मुक्या प्राण्याचा जीव जातो. म्हणून पिंपें, नळ्या व पंप यांचा विचार करण्यापूर्वीं या तिसऱ्या भागीदाराची नीट ओळख करून घेणें अवश्य आहे.

सन १८७७ मध्यें फ्रान्स देशांत श्लेझिंग व म्यून्ट्झ या दोन शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला. एका लांब नळींत वाळू व थोडी चुनखडी भरून तींतून त्यांनीं गटाराचें पाणी अगदीं सावकाश झिरपूं दिलें. पहिले वीस दिवस नळीच्या खालच्या तोंडानें अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत होता. त्यानंतर पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें, तें वाढत गेलें, आणि अमोनिया नाहींसा झाला. वाळू तीच, चुनखडी तीच आणि पाणीहि तेंच. मग त्या वीस दिवसांत नळींत काय चाललें होतें? हें नुसतें रासायनिक कार्य असतें तर तें पहिल्या दिवसापासूनच व्हावयास हवें होतें. पुढें त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तों नायट्रेट होणें थांबलें. ज्या औषधानें मनुष्य बेशुद्ध होतो त्यानेंच हें कार्यहि बंद पडलें. अर्थात् तें कोणा तरी सजीवाचें कार्य होतें. त्या वीस दिवसांत वाळूच्या कणाकणावर सूक्ष्म जंतूंची वसाहत होत होती.

हे जंतु वेगळे काढून दाखविण्याचा मान विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जातो. त्याचें हें काम १८९० च्या सुमाराचें. जंतूंचा एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करितो व दुसरा वर्ग नायट्राइटचें नायट्रेट करितो, असें त्यानें सिद्ध केलें, आणि सव्वाशें वर्षें शाळा-कॉलेजांतून तेंच शिकविलें गेलें. सन २०१५ मध्यें मात्र हीं दोन्ही कामें एकटाच करणारा, नायट्रोस्पायरा कुळांतील जंतु सांपडला. गमतीची गोष्ट अशी कीं, त्या वर्षीं सांपडलेल्या अशा जंतूंपैकीं कांहीं मासे पाळण्याच्या टांकीला जोडलेल्या गाळणींतूनच मिळाले होते. ज्या वस्तूची आपण परसांत उभारणी करूं पाहतों, तिच्याच एका कोपऱ्यांत शास्त्राला ही नवी गोष्ट गवसली!

या जंतूंच्या संवयी तीन वाक्यांत सांगतां येतात. ते पाण्यांत मोकळे फिरण्यापेक्षां कशाला तरी चिकटून राहणें पसंत करितात, त्यांना प्राणवायु भरपूर लागतो, आणि प्रखर उजेड त्यांना सोसत नाहीं. पुढें जी रचना सांगावयाची आहे, तींतील बहुतेक प्रत्येक भाग या तीन संवयींपैकीं एकीसाठीं आहे.

आतां ती रचना काय हें थोडक्यांत सांगतों. माशांच्या टांकींतील पाणी पंपानें उचलून खडीनें भरलेल्या वाफ्यांत चढवावयाचें. खडींत लावलेल्या भाजीच्या मुळांवरून तें खालीं उतरूं द्यावयाचें. आणि निवळलेलें पाणी पुनः टांकींत सोडावयाचें. याला इंग्रजींत अॅक्वापोनिक्स असें जोडनांव मिळालें आहे. त्यांतील पहिला भाग मत्स्यसंवर्धनाच्या शब्दावरून व दुसरा हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीवांचून शेती, या शब्दावरून घेतला आहे. हायड्रोपोनिक्स हा शब्द कॅलिफोर्नियांतील प्रोफेसर गेरिक यांनीं १९३७ सालीं प्रचारांत आणला, आणि त्या पद्धतीचे प्रयोग १९४६ मध्यें आपल्या देशांत दार्जिलिंगजवळ कालिंपाँग येथें डग्लस यांनीं सुरू केले. मासे व झाडें यांची पंपानें सांगड घालण्याचे पद्धतशीर प्रयोग त्यामानानें अलीकडचे. अमेरिकेंत १९६९ सालीं स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटनें आणि १९८० नंतर कॅरिबियन समुद्रांतील सेंट क्रॉय बेटावर डॉ. रॅकोसी यांनीं ते केले. मूळ कल्पना मात्र शेतकऱ्याला कोणी शिकविलेली नाहीं. अरुणाचलांतील झिरो खोऱ्यांत आपातानी लोक भाताच्या खाचरांतच मासे वाढवितात, आणि गोव्यांतील खाजन जमिनींत एकाच बांधाच्या आंत भातहि पिकतें व मासळीहि मिळते.

परसांत नवशिक्यानें प्रथम लहान प्रमाणावरच आरंभ करावा. परंतु अतिशय लहानहि करूं नये. बरणीएवढ्या टांकींतील पाणी एका दुपारींत तापतें व एका चिमटीभर खाद्यानें नासतें. पाणी जितकें अधिक, तितका चुकीला अवसर अधिक. माझ्या मतें ३०० लिटरांची टांकी ही सुरुवातीला योग्य होय. तिच्याबरोबर २०० लिटरांचें एक प्लॅस्टिकचें पिंप घेऊन तें उभें चिरावें, म्हणजे नांदीसारखे दोन वाफे मिळतात. प्रत्येकाची खोली सुमारें एक फूट भरते, आणि भाजीच्या मुळांना तेवढी पुरते. दोहोंचें मिळून क्षेत्र सुमारें एक चौरस मीटर होतें.

पिंप भंगारवाल्याकडून घ्यावयाचें असल्यास त्यांत पूर्वीं काय होतें हें विचारल्यावांचून घेऊं नये. मध, लोणचें, सरबताचा अर्क असें खाण्याचें कांहीं असलें तर हरकत नाहीं. कारखान्यांतील रसायन, रंग किंवा औषध असलेलें पिंप सात वेळां धुतलें तरी या कामाचें नाहीं. दुसरी गोष्ट धातूची. तांब्याच्या भांड्यांतील पाणी आपण आरोग्यदायक मानतों; परंतु तांब्याचा अंश माशांना फार लवकर बाधतो, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यानेंहि तोच परिणाम होतो. म्हणून पाण्याला लागणारे सर्व भाग प्लॅस्टिकचेच असावे. पितळेची तोटीसुद्धां नको.

टांकी जमिनींत निम्मी पुरली तर उन्हाळ्यांत पाणी थंड राहतें आणि वाफे फार उंच न्यावे लागत नाहींत. तिचा कांठ जमिनीपासून निदान दीड फूट वर असावा व तिच्यावर लोखंडी जाळीचें भक्कम झांकण असावें. मांजर व खंड्या यांच्याकरितां हें झांकण आहेच. परंतु ज्या घरांत रांगतें किंवा नुकतेंच चालूं लागलेलें मूल आहे, तेथें झांकणाला कुलूपहि असलें पाहिजे. जाळीवर गोणपाट पसरून ठेवावा. पाण्यावर ऊन पडलें कीं शेवाळ माजतें, आणि झाडांकरितां तयार झालेलें अन्न तेंच खाऊन टाकतें.

वाफे टांकीच्या कांठापेक्षां उंच असले पाहिजेत, म्हणजे पाणी आपोआप खालीं येईल. येथें वजनाचा हिशेब प्रत्येकानें स्वतः करून पाहावा. एका अर्ध्या पिंपांत सुमारें ९० लिटर खडी बसते. तिचें वजन दीडशें किलोंच्या आसपास होतें, आणि पाणी भरल्यावर तें पावणेदोनशें किलोंवर जातें. दोन वाफ्यांचें वजन म्हणजे पांच-सहा मोठ्या माणसांचें वजन झालें. जुन्या टेबलावर किंवा वेळूच्या मांडवावर हें राहणार नाहीं. विटांचे किंवा चिऱ्यांचे खांब समतल जमिनीवर रचून त्यांवर जाड फळ्या टाकाव्या. ज्यांना परस नाहीं व जे गच्चीचा विचार करीत असतील, त्यांनीं आधीं बांधकाम जाणणाऱ्याचा सल्ला घ्यावा.

खडी ८ ते २० मिलिमीटर जाडीची असावी. याहून बारीक असली तर गाळानें तुंबते, मोठी असली तर रोप धरत नाहीं. ती चुनखडीची नसावी, कारण चुना पाण्यांत सावकाश विरघळून पाण्याची आम्लता घालवितो, आणि झाडाला लोह मिळेनासें होतें. परीक्षा अगदीं सोपी आहे. वाटीभर शिरक्यांत चार खडे टाकावे. बुडबुडे आले तर चुना आहे असें समजावें. आपल्या देशावरील काळा पाषाण या परीक्षेला बहुधा उतरतो, आणि रस्त्याच्या व बांधकामाच्या कामाला लागणारी काळी खडी कोठेंहि मिळते. ती धूळ निघून पाणी नितळ येईपर्यंत धुवावी; हें काम वाटतें त्याहून मोठें आहे, आणि घरांतील सर्व मुलांना एका रविवारीं पुरतें. कोंकणांतील जांभा मात्र ठिसूळ असल्यानें त्याचा चुरा होतो, तो घेऊं नये.

पंप निवडतांना एक मोजमाप ध्यानांत ठेवावें. टांकींतील सारें पाणी तासांतून निदान एकदां वाफ्यांतून फिरून आलें पाहिजे, म्हणजे येथें तासाला ३०० लिटर. परंतु पंपावर लिहिलेला आंकडा पाणी वर न चढवितां मिळणारा असतो. तीन-चार फूट चढविल्यावर तो पुष्कळच उतरतो. म्हणून ८०० ते १००० लिटर लिहिलेला पंप घ्यावा. पाणी आणि वीज यांचा शेजार हा मुलांच्या अखत्यारींतला विषय नव्हे. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ बसवून घ्यावी. आणि पंपाची तार बटणाकडे जाण्यापूर्वीं एकदां खालीं लोंबूं द्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी त्या लोंबत्या टोंकाशीं गळून पडेल, बटणांत शिरणार नाहीं. टांकींत हात घालण्यापूर्वीं पंप बंद करण्याचा नियम घरांत सर्वांनीं पाळावा.

आतां वाफ्यांतून पाणी परत कसें आणावयाचें? तळाला भोंक पाडून एक उभी नळी बसविली व तिचें तोंड खडीच्या पृष्ठभागापेक्षां दोन इंच खालीं ठेवलें, तर पाणी तेवढ्या पातळीपर्यंत भरून सतत वाहत राहील. इतक्यानेंहि काम भागतें. परंतु येथें वक्रनलिकेचा उपयोग केला तर काम अधिक चांगलें होतें, आणि पदार्थविज्ञानाचा धडा परसांत घडतांना दिसतो. उभ्या नळीवर तिच्याहून रुंद, वरून बंद व खालीं खांचा पाडलेली दुसरी नळी टोपीसारखी पालथी घालावी. वाफ्यांत पाणी चढत चढत आंतल्या नळीच्या तोंडावर आलें कीं तें तींत सांडूं लागतें; सांडतां सांडतां टोपींतील हवा बाहेर ओढलें जाऊन नळी पाण्यानें पूर्ण भरते, आणि एकदम मोठा ओघ सुरू होऊन सारा वाफा रिकामा होतो. पाणी खालच्या खांचांपर्यंत उतरलें म्हणजे टोपींत हवा शिरते, ओघ तुटतो, आणि वाफा पुनः भरूं लागतो. प्रयोगशाळेंतील टँटॅलसचा पेला ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें लगेच उमगेल. या सर्व नळ्यांभोंवतीं भोंकें पाडलेली आणखी एक मोठी नळी उभी करावी, म्हणजे खडी आंत येत नाहीं.

ही भरती-ओहोटी कशासाठीं? पाणी उतरतांना आपल्यामागें हवा ओढून घेतें, आणि दर ओहोटीला खडीच्या फटीफटींत नवी हवा शिरते. जंतूंना प्राणवायु मिळतो, मुळांनाहि मिळतो. वरची दोन इंच खडी नेहमीं कोरडी राहत असल्यामुळें वाफ्यांत डांस अंडीं घालूं शकत नाहींत, हा वरकड फायदा. टांकींत पडलेल्या डांसांच्या अळ्या मासेच खातात.

एवढें झाल्यावर टांकी भरावी. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो. जो जंतु मारण्यासाठीं घातला, तो आपलेहि जंतु मारील. म्हणून पाणी भरून पंप दोन दिवस नुसता चालूं द्यावा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पाणी वर चढतें, खळखळून खालीं पडतें, खडी न्हाऊन चकचकीत झालेली असते; या वेळीं घरांतील प्रत्येकाला वाटतें कीं आतां मासे आणावे. दुकानदारहि नाहीं म्हणत नाहीं. पण पाणी स्वच्छ दिसणें निराळें, आणि तें माशांना राहण्याजोगें असणें निराळें. त्या खडीवर अद्याप कोणाचीहि वस्ती नाहीं.

वस्ती होण्याकरितां जंतूंना अन्न, म्हणजे अमोनिया, पाहिजे. आणि तो माशांचा जीव धोक्यांत न घालतां देतां येतो. माशांचें खाद्य चिमूटभर कुटून रोज पाण्यांत टाकावें. तें कुजून अमोनिया होतो. कोणा मित्राकडे जुनी, निरोगी माशांची टांकी असेल तर तेथील ओंजळभर खडी न धुतां, ओलीच कापडांत बांधून आणावी व वाफ्यांत पुरावी. दह्याला विरजण लावावें तसें हें आहे. विरजण नसलें तरी जंतु हवापाण्यांतून येतातच. फक्त अधिक दिवस लागतात.

यापुढचे महिना-सव्वा महिना मुलांनीं एक वही ठेवावी. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत पाणी तपासण्याची पेटी मिळते. तिच्यांतील थेंब परीक्षानळींतील पाण्यांत टाकले असतां रंग पालटतो, व तो छापील पट्टीशीं ताडून पाहावयाचा असतो. एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांचे आंकडे लिहून त्यांचा आलेख काढावा. प्रथम अमोनियाची रेघ चढूं लागेल. कांहीं दिवसांनीं ती वांकेल, आणि नायट्राइटची रेघ वर येईल. हा काळ सर्वांत फसवा असतो. कारण अमोनिया उतरलेला पाहून पुष्कळांना आतां सर्व ठीक झालें असें वाटतें. पण नायट्राइट माशाच्या रक्तांत शिरून त्याची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें; रक्त तपकिरी पडतें व मासा भरल्या पाण्यांत गुदमरतो. शेवटीं नायट्राइटहि खालीं येतें, आणि नायट्रेटची रेघ तेवढी चढत राहते. खाद्य टाकीत असतांहि अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही लागोपाठ कांहीं दिवस शून्यावर राहिलीं म्हणजे पाणी पिकलें. आपल्याकडे याला साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात, थंडींत अधिक. श्लेझिंग व म्यून्ट्झ यांच्या नळींत वीस दिवसांनीं जें घडलें, तेंच आपल्या वाफ्यांत घडलेलें असतें.

नायट्रेट दिसूं लागतांच एका वाफ्यांत रोपें लावावीं. पालक, पुदिना, अळू हीं आरंभीं उत्तम; थंडींत कोथिंबीर व कोबीवर्गीय भाज्याहि येतात. टोमॅटो, वांगीं, मिरची यांना अन्न अधिक लागतें, म्हणून त्यांना सहा महिन्यांनंतरची पाळी द्यावी. मुळा, गाजर अशा कंदांना खडींत फुगावयास जागा मिळत नाहीं, आणि ते वेडेवांकडे निघतात.

माशांविषयीं माझें मत असें कीं, पहिल्या वर्षीं खाण्याचा विचार मनांत आणूं नये. सोनमासा, म्हणजे गोल्डफिश, घ्यावा. तो काटक आहे, थंडी-ऊन सोसतो, आणि त्याच्या पाण्यावर भाजी तितकीच जोमानें येते. पुढें खाण्यासाठीं पाळावयाचा असेल तर सायप्रिनस बरा. कटला व रोहू हे तळ्यांतले मासे. त्यांना ही जागा म्हणजे तुरुंग होय. परदेशीं या कामांत सर्वत्र वापरला जाणारा मासा म्हणजे तिलापिया, ज्याला उजनीच्या जलाशयाकाठीं चिलापी म्हणतात. परंतु त्याची वीण अतोनात असल्यामुळें त्याच्या पालनाला आपल्याकडे सरकारी परवानगी लागते. थाई मांगूर पाळण्याला तर बंदीच आहे. आणि कोणताहि मासा नकोसा झाला म्हणून नदींत किंवा विहिरींत नेऊन सोडूं नये. परक्या मुलखांतून आलेला मासा तेथील मूळच्या माशांचें अन्न व जागा बळकावितो.

एकदम वीस-पंचवीस मासे न सोडतां प्रथम पांच-सहा सोडावे व आठवडाभर आंकडे पाहावे. अमोनिया शून्यावर राहिला तर आणखी पांच-सहा. वस्ती जेवणाच्या मानानें वाढत असते. तिला अवसर दिला पाहिजे. पूर्ण वाढलेल्या व्यवस्थेंत किती खाद्य द्यावें याचेंहि प्रमाण ठरलेलें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१४ सालीं या विषयावर जें पुस्तक काढलें, त्यांत पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य असा हिशेब दिला आहे. आपले दोन्ही वाफे मिळून तेवढेच आहेत. शंभर ग्रॅम वजनाचा मासा दिवसाला दीड-दोन ग्रॅम खातो, तेव्हां असे पंचवीस मासे दोन वाफ्यांना पुरतात. लहान पिलें असतील तोंपर्यंत खाद्य थोडें, आणि म्हणून वाफाहि एकच. पांच-दहा मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य टाकावें. पाहुणे आले कीं त्यांना मासे दाखविण्यासाठीं मुठी भरभरून खाद्य टाकण्याची हौस फार घरांत असते. उरलेलें खाद्य कुजून रात्रींतून पाणी बिघडवितें.

रोज सकाळीं शाळेला जाण्यापूर्वीं टांकीपाशीं दोन मिनिटें उभें राहण्याची संवय ठेवावी. मासे पृष्ठभागीं येऊन तोंड उघडझांप करीत असतील तर पाण्यांत प्राणवायु कमी आहे. हें पहाटेच्या सुमारास अधिक दिसतें, कारण रात्रीं शेवाळ व मुळें हींहि प्राणवायु घेत असतात. उन्हाळ्यांत ही अडचण वाढते. २० अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यांत साडेसातच. म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारा एक लहान पंप जोडीला असावा, आणि तो वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा असावा. वीज चार तास गेली तर भाजीला कांहीं होत नाहीं. दाटीनें ठेवलेल्या माशांना तेवढा वेळ फार होतो.

पाण्याची आम्लता आठवड्यांतून एकदां पाहावी. पी-एच ६ ते ७ च्या दरम्यान असावा. तो ७ वरून ८ वर गेला तर तेवढ्याच अमोनियांतील विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. उलट, जंतूंच्या कार्यानें थोडें आम्ल सतत उत्पन्न होत असल्यामुळें महिन्यागणिक पी-एच उतरत जातो, आणि फार उतरला तर जंतु मंदावतात. फ्रान्सच्या त्या नळींत चुनखडी कां घातली होती, हें आतां ध्यानांत येईल. आपण समुद्रकांठचे शिंपले धुऊन एका फडक्यांत बांधावे व टांकींत लोंबत ठेवावे. पी-एच ७ च्या जवळ आला कीं काढून घ्यावे.

कीड पडली तर हातानें वेंचावी. बाजारचें कीटकनाशक येथें वर्ज्यच. तंबाखूचा काढा व साबणाचें पाणी हे घरगुती उपायहि माशांच्या जिवावर बेततात. कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडलें असें समजावें. माशांच्या खाद्यांत तें पुरेसें नसतें; बागेच्या दुकानांत मिळणारें पाण्यांत विरघळणारें चिलेटेड लोह अल्प प्रमाणांत द्यावें. शेणखत, कोंबडखत यांतलें कांहींहि वाफ्यांत घालूं नये. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या विष्ठेंतील रोगजंतु या फिरत्या पाण्यांत पसरतात, आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी त्यानें दूषित होते. पाणी पानांवर उडूं देऊं नये, आणि भाजी स्वच्छ पाण्यानें धुऊनच वापरावी.

खर्चाविषयीं वडील मंडळी विचारतील. ही भाजी बाजारच्या भाजीपेक्षां स्वस्त पडेल असें मी म्हणणार नाहीं. पंप, वीज व खाद्य यांचा हिशेब मांडला तर पहिल्या वर्षीं ती महागच पडते. पाणी मात्र खरोखर थोडें लागतें. बाष्प होऊन व पानांवाटे उडून जाईल तेवढेंच, म्हणजे एकूण पाण्याच्या शेंकडा एक ते तीन भाग, रोज भरावें लागतें. आपल्या टांकीला तें एका बादलीच्या आंतच आहे. ज्या गांवीं उन्हाळ्यांत दोन दिवसांआड नळ येतो, तेथें या गोष्टीची किंमत निराळी आहे. अशा ठिकाणीं नळ आल्या दिवशींच एक बादली भरून उघडी ठेवावी, म्हणजे क्लोरीन उडालेलें पाणी हातीं असतें.

पावसाळ्यांत वाफ्यांवर छप्पर असावें, नाहीं तर एका मोठ्या सरीनें टांकी वाहूं लागते व अन्न धुऊन जातें. पंपाची जाळी पंधरा दिवसांनीं टांकीच्याच पाण्यांत खळबळून घ्यावी, नळाखालीं धरूं नये. पालकाची भाजी पांच-सहा आठवड्यांनीं काढण्याजोगी होते. ती मुळासकट उपटूं नये. बाहेरचीं पानें खुडावीं व मधला कोंब राखावा, म्हणजे त्याच रोपाला पुनः पुनः पानें येतात. दोन्ही वाफे एकाच दिवशीं मात्र मोकळे करूं नयेत, कारण मासे त्या दिवशींहि जेवणारच असतात.